संगणकास बाहेरून जागें करणें



गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सायंकाळीं माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, आजारी नातवंडास उचलून आणावें तसा आपला लॅपटॉप दोन्ही हातांत धरून, माझ्या दारांत येऊन उभे राहिले. हे गृहस्थ गेलीं नऊ वर्षें आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळवीत आहेत. कोंकणांतून, इंदुराहून, बडोद्याहून आलेलीं भाऊबंदांचीं पत्रें, जुन्या कागदांचीं छायाचित्रें, सात पिढ्यांची वंशावळ, असें सर्व भांडार त्या एका यंत्रांत सांठविलेलें होतें. त्या दिवशीं सकाळीं त्यांनीं यंत्र चालू केलें, तों निळ्या पडद्यावर कांहीं इंग्रजी अक्षरें उमटलीं आणि यंत्र आपल्या आपणच बंद होऊन पुन्हां चालू होऊं लागलें. तें चक्र कांहीं केल्या थांबेना. दुरुस्तीच्या दुकानांत नेलें, तेव्हां तेथील मुलानें अर्धें मिनिट पाहून निकाल दिला, "फॉरमॅट मारावा लागेल, काका. डेटा जाईल."

"मास्तर, नऊ वर्षें गेलीं हो," एवढेंच ते मला म्हणाले.

तीं नऊ वर्षें गेलेलीं नव्हतीं. तीं जेथें होतीं तेथेंच, अक्षर न् अक्षर शाबूत होतीं. बिघडलें होतें तें दुसरेंच कांहीं. तें काय, आणि अशा वेळीं बाहेरची एक लहानशी डिस्क लावून यंत्र कसें जागें करतां येतें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

संगणक बिघडला असें आपण सरसकट म्हणतों, परंतु त्या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु दडलेल्या असतात. एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. वाड्याच्या भिंती, दारें, जिने ही एक गोष्ट. वाड्याचा सारा व्यवहार पाहणारा कारभारी ही दुसरी. आणि कोठारांत भरलेलें धान्य ही तिसरी. संगणकाचें यंत्र म्हणजे वाडा. विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएस अशी जी ऑपरेटिंग सिस्टीम, जिला आपण कार्यप्रणाली म्हणूं, ती म्हणजे कारभारी. आपलीं पत्रें व छायाचित्रें हें कोठारांतील धान्य. माझ्या शेजाऱ्यांचा कारभारी आजारी पडला होता. दुकानांतला मुलगा काय सांगत होता? नवा कारभारी बसवावयाचा तर कोठार झाडून रिकामें करावें लागेल! एरव्ही हें सांगणें अगदींच खोटें नसतें, कारण बहुतेक घरगुती संगणकांत कारभारी आणि धान्य एकाच डिस्कवर राहतात. पण कोठार झाडण्यापूर्वीं धान्य बाहेर काढून घेतां येतें कीं नाहीं, हा प्रश्न त्यानें स्वतःस विचारलाच नव्हता.

आतां बटण दाबल्यावर यंत्रांत काय होतें तें पाहूं, कारण सर्व मर्म तेथेंच आहे.

संगणक ज्या पाटीवर आपलें सारें काम मांडतो तिला रॅम म्हणतात. वीज गेली कीं ही पाटी पुसली जाते. म्हणून प्रत्येक वेळीं यंत्र चालू होतें तें कोऱ्या पाटीनें. कार्यप्रणाली असते डिस्कवर. ती डिस्कवरून उचलून पाटीवर आणली पाहिजे. परंतु डिस्क वाचावी कशी, हें ज्ञान तर कार्यप्रणालीपाशींच! किल्ली कपाटांत आणि कपाटास तेंच कुलूप, असा हा पेंच आहे. इंग्रजींत या क्रियेस जें 'बूट' म्हणतात तें यावरूनच. उंच बुटाच्या मागें ओढून घेण्यासाठीं चामड्याचा एक पट्टा असतो; तो धरून मनुष्यानें स्वतःलाच जमिनीवरून उचलावें, अशा अशक्य कृतीला धरून तो शब्द रूढ झाला. पायांतील जोड्याचा संबंध एवढाच.

हा पेंच असा सोडविला आहे : यंत्राच्या मुख्य फलकावर एक लहानशी चिप बसविलेली असते. तिच्यांतील मजकूर वीज गेली तरी पुसला जात नाहीं. प्रोसेसर जागा झाला कीं त्यानें एका ठराविक पत्त्यावरील आज्ञा प्रथम वाचावी, अशी त्याची घडणच असते, आणि तो पत्ता त्या चिपकडे नेतो. जुन्या संगणकांत या चिपमधील कार्यक्रमास बायोस म्हणत. अलीकडील संगणकांत त्याची जागा यूईएफआय या नांवाच्या अधिक मोठ्या कार्यक्रमानें घेतली आहे. त्याला आपण वाड्याचा देवडीवाला म्हणूं. पहाटे उठून तो दिवे, जिने व दारें ठीक आहेत कीं नाहींत तें पाहतो. मग त्याच्यापाशीं एक यादी असते : कारभारी म्हणून प्रथम कोणास हांक मारावयाची, तो न आल्यास दुसरें कोणास, तिसरें कोणास. त्या क्रमानें तो प्रत्येक डिस्कपाशीं जातो आणि जेथें कारभारी सांपडेल तेथें त्याच्या हातीं वाड्याच्या किल्ल्या देऊन मोकळा होतो. घरची डिस्क कोणती आणि पाहुणी कोणती, असा भेद तो आपण होऊन करीत नाहीं. आपण मघाशीं बाहेरून लावलेला पेन ड्राइव्ह आणि यंत्राच्या पोटांत पांच वर्षें बसलेली डिस्क या दोघीही त्याच्या यादींतल्या केवळ ओळी होत.

किंबहुना आरंभीं बाहेरून जागें होणें हाच नियम होता. आयबीएम कंपनीनें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, त्यांत हार्ड डिस्क नव्हतीच. सव्वापांच इंचांची पातळ फ्लॉपी खाचेंत सरकवावयाची. तिच्यावर १६० किलोबाइट मजकूर मावे. आणि डॉस नांवाची कार्यप्रणाली त्या फ्लॉपीवरूनच पाटीवर चढे. १९८३ सालीं आयबीएमनें एक्सटी नांवाचें जें यंत्र काढलें त्यांत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. कारभारी प्रथमच वाड्यांत राहावयास आला असें म्हणा ना. तरीही देवडीवाल्याची जुनी संवय सुटली नाहीं. तो आधीं फ्लॉपीच्या खाचेंत डोकावे, ती रिकामी असेल तरच घरच्या डिस्ककडे वळे.

डोकावून तो काय पाही, हेंही ऐकण्यासारखें आहे. डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा तो उचली. बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराची जागा. तेव्हां हा सारा तुकडा पोस्टकार्डावर मावेल एवढाच. आयबीएमच्या हार्ड डिस्कवर त्यांतील ४४६ बाइट आज्ञांसाठीं व ६४ बाइट डिस्कच्या वांटणीच्या नोंदीसाठीं राखलेले असत. उरलेल्या दोन बाइटांत ५५ आणि एए अशी खूण असे. सोळाच्या पायावरील अंकलेखनांत एए ही एक संख्याच आहे. ही खूण शेवटीं दिसली म्हणजे त्या पोस्टकार्डावरील आज्ञा निमूटपणें पाळावयाच्या. त्या आज्ञा कोणीं लिहिल्या, कां लिहिल्या, याची विचारपूस नाहीं.

या भोळेपणाचा गैरफायदा घेतला गेला नसता तरच नवल. १९८६ सालीं लाहोरमधील बासित व अमजद या अल्वी बंधूंनीं 'ब्रेन' नांवाचा कार्यक्रम लिहिला. तो फ्लॉपीच्या याच पहिल्या तुकड्यांत जाऊन बसे आणि तेथून दुसऱ्या फ्लॉप्यांवर पसरे. आयबीएमच्या धर्तीच्या संगणकांवरील पहिला विषाणु म्हणून त्याची गणना होते. गंमत अशी कीं, त्यांत लेखकांनीं आपलें नांव, पत्ता व दूरध्वनिक्रमांक प्रामाणिकपणें नमूद केले होते! पुढें १९९२ सालच्या ६ मार्चला 'मायकेलअँजेलो' नांवाच्या अशाच एका विषाणूनें जगभर धास्ती उडवून दिली. त्या तारखेस यंत्र चालू केलें तर तो डिस्कवरील मजकुरावर बोळा फिरवी. रात्रीं यंत्र बंद करतांना कोणाची तरी फ्लॉपी खाचेंत विसरून राहावी, आणि सकाळीं यंत्र तिच्यावरूनच जागें व्हावें, एवढ्यावर या साऱ्यांचा प्रसार चाले. बाहेरून येणारा कारभारी भला असतो तसा चोरही असूं शकतो, हें येथेंच ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

फ्लॉपीमागून सीडी आली. सीडीवरून यंत्र जागें करण्याची सर्वमान्य रीत १९९५ सालीं फीनिक्स व आयबीएम या कंपन्यांनीं मिळून लेखी स्वरूपांत मांडली. २००० सालीं जर्मनींतील क्लाऊस क्नॉपर यांनीं आपलें 'क्नॉपिक्स' प्रसिद्ध केलें. ७०० मेगाबाइटच्या एका सीडींत त्यांनीं दाबून बसविलेली संपूर्ण लिनक्स कार्यप्रणाली, हार्ड डिस्कला स्पर्शही न करतां, थेट सीडीवरून चाले. अशा प्रणालीस 'लाइव्ह' प्रणाली म्हणतात. ती बाहेरच्या तबकडीवरील आपला मूळ मजकूर नुसता वाचते आणि जें कांहीं नवें लिहावयाचें तें रॅमच्या पाटीवर लिहिते. यंत्र बंद केलें कीं पाटी कोरी! आलेला पाहुणा मागें खरकटें पात्रही न ठेवतां निघून जातो. आज सीडीचें काम पेन ड्राइव्ह करतो, इतकेंच.

आतां हा पेन ड्राइव्ह तयार कसा करावा? दुसऱ्या, धडधाकट संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबंटु यांपैकीं एखाद्या प्रणालीची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत स्थळावरून उतरवून घ्यावी. दाम पडत नाहीं. मिंटची फाइल सुमारें ३ गिगाबाइटांची असते, म्हणून तिला ८ गिगाबाइटांचा पेन ड्राइव्ह पुरे होतो. येथें नवखा मनुष्य हटकून एक चूक करतो : एखादें छायाचित्र ठेवावें तशी ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती ठेवून देतो, आणि मग यंत्र जागें कां होत नाहीं म्हणून कपाळ बडवितो. आयएसओ फाइल म्हणजे संबंध तबकडीचा छाप होय. तो उलगडून पेन ड्राइव्हवर उमटवावा लागतो, म्हणजे देवडीवाला जेथें जें पाहतो तेथें तें त्याला दिसेल. यूईएफआयच्या यंत्रांत तो पहिल्या ५१२ बाइटांऐवजीं फॅट पद्धतीनें आंखलेला एक विभाग शोधतो आणि त्यांतील 'ईएफआय' या फोल्डरमधील 'बूट' फोल्डरांत ठराविक नांवाची एक फाइल पाहतो. ही सारी मांडणी रूफस किंवा बलेना एचर यांसारखा कार्यक्रम बिनबोभाट करून देतो. मात्र तें करतांना पेन ड्राइव्हवरील जुना मजकूर समूळ पुसला जातो. मुंजीचीं वा लग्नाचीं छायाचित्रें असलेला पेन ड्राइव्ह या कामीं घेऊं नये, हें सांगावयास नकोच. पण मीं एकदां घेतला होता, म्हणून सांगतों.

पेन ड्राइव्ह लावून यंत्र चालू करतांच एक विशिष्ट कळ भराभर दाबावी लागते, म्हणजे देवडीवाला आपली यादी पुढें धरतो. ही कळ प्रत्येक कंपनीनें आपल्या लहरीप्रमाणें ठरविली आहे. डेल व लेनोवो यांच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ१२ असते, एचपीच्या यंत्रांत एफ९ असते, कोठें एस्केप तर कोठें आणखी दुसरीच. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर ऑप्शन कळ धरून ठेवावी लागते. २०२० नंतरच्या, अॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅकवर चालू करण्याचें बटणच दाबून धरावें लागतें. मात्र या दुसऱ्या जातीच्या मॅकवर मीं सांगितलेला मिंटचा पेन ड्राइव्ह चालत नाहीं, कारण त्यांच्या प्रोसेसरची भाषाच निराळी. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून देवडीवर 'सिक्युअर बूट' नांवाचा आणखी एक पहारा बसला. येणाऱ्या कारभाऱ्याच्या पत्रावर ओळखीची सही असेल तरच त्याला आंत घ्यावयाचें. लाहोरच्या त्या प्रकाराचें उत्तर उशिरां कां होईना, पण असें आलें. उबंटुसारख्या प्रमुख लिनक्स प्रणालींपाशीं अशी सही असते, म्हणून हा पहारा उठविण्याची गरज सहसा पडत नाहीं.

माझ्या शेजाऱ्यांच्या यंत्रावर मिंटचा पडदा उघडण्यास दोन-तीन मिनिटें लागलीं असतील. त्यावर 'इन्स्टॉल' अशा अक्षरांचें एक चित्र असतें. त्याला त्या दिवशीं हात लावावयाचा नाहीं, कारण तें डिस्क पुसूनही टाकूं शकतें. डाव्या बाजूस त्यांची घरची डिस्क एका साध्या कपाटाच्या रूपानें दिसत होती. ती उघडली, आणि कुलवृत्तांताचें फोल्डर समोर उभें राहिलें. गृहस्थांनीं चष्मा काढून पुसला. ती डिस्क 'नुसती वाचतां येईल, लिहितां येणार नाहीं' अशा स्थितींत उघडली होती. विंडोजच्या फास्ट स्टार्टअप या सोयीमुळें यंत्र 'बंद' केलें तरी तें अर्धवट निजलेलें राहतें, आणि अशा निजलेल्या डिस्कवर लिनक्सनें लिहिणें धोक्याचें असतें. आम्हांला तर वाचावयाचेंच होतें. दुसरी बाहेरची हार्ड डिस्क लावून सारें भांडार तिच्यावर उतरविलें. पाऊण तास लागला.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, किंवा वाचतांना ती वारंवार अडखळत असेल, तर आजार कारभाऱ्याला नसून कोठारालाच आहे. अशा वेळीं पुन्हां पुन्हां प्रयोग केल्यानें उरलेलेंही जातें. यंत्र तत्काळ बंद करून तें या कामांतील जाणत्याच्या स्वाधीन करावें. आमच्या डिस्कची प्रकृति उत्तम होती. विंडोजची सुधारणा चालू असतांना मध्येंच वीज गेली, हेंच बहुधा मूळ असावें. पुढें त्या यंत्रांत विंडोज नव्यानें बसविलें, तेंही मायक्रोसॉफ्टच्या साधनानें तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून यंत्र जागें करूनच. म्हणजे दुकानांतला तो मुलगा 'फॉरमॅट मारण्यासाठीं' ज्या दारानें आंत शिरणार होता, त्याच दारानें आम्ही धान्य बाहेर काढलें होतें. दार त्याला ठाऊक होतें. धान्य त्याचें नव्हतें.

हा केवळ घरगुती खटाटोप आहे असें समजूं नये. १९ जुलै २०२४ रोजीं आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजण्याच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक कार्यक्रमाची एक सदोष फाइल जगभर पोंचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख विंडोज यंत्रें निळ्या पडद्यावर अडकलीं. आपल्या देशांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. उपाय एका ओळीचा होता : ती फाइल काढून टाका. परंतु यंत्र जागेंच होत नाहीं तर फाइल काढणार कोण? पुष्कळ ठिकाणीं माणसाला एकेका यंत्रापाशीं जाऊन बसावें लागलें. त्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें दोन दिवसांच्या आंत जें साधन दिलें, तें यूएसबीवरून यंत्र जागें करणारेंच होतें.

आणखी एक उपयोग जातां जातां सांगतों. विंडोज १० ची नित्याची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. असें यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं त्यावर लिनक्स बरें चालतें कीं नाहीं, हें पेन ड्राइव्हवरून, घरच्या डिस्कला धक्का न लावतां, पाहून घेतां येतें. पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली मंद वाटते, तो दोष प्रणालीचा नव्हे.

आतां मघाशीं राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येतों. फायली उतरत असतांना आमचे गृहस्थ एकाएकीं गंभीर झाले व म्हणाले, "मास्तर, माझा पासवर्ड तर आपण विचारलाच नाहीं!"

प्रश्न मार्मिक होता. तो पासवर्ड विचारीत असतो विंडोजचा कारभारी. आणि तो तर आजारी पडून होता. बाहेरून आलेल्या कारभाऱ्यास त्या नियमाशीं कर्तव्य नाहीं. ज्याच्या हातीं आपलें यंत्र एक तासभर लागेल, तो मनुष्य एका पेन ड्राइव्हच्या बळावर आपलीं पत्रें, बँकेचे कागद, घरचीं छायाचित्रें, सारें वाचूं शकतो. आरंभींचा पासवर्ड म्हणजे कोठाराचें कुलूप, ही समजूत सुशिक्षित घरांतही सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. दुरुस्तीस यंत्र देतांना, किंवा जुनें यंत्र विकतांना, हें स्मरणांत असावें.

कोठाराचें खरें कुलूप म्हणजे डिस्कवरील मजकूरच गूढलिपींत ठेवणें. विंडोजमध्यें याला बिटलॉकर म्हणतात, मॅकवर फाइलव्हॉल्ट. असें कुलूप घातलेली डिस्क बाहेरच्या कारभाऱ्यास दिसते, पण उघडत नाहीं. मात्र दुधारी शस्त्र आहे हें. कारभारी आजारी पडला तर मालकासही बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली दाखविल्याशिवाय आपलें धान्य मिळत नाहीं. २०२४ च्या त्या गोंधळांत पुष्कळ कचेऱ्यांची रखडपट्टी याच किल्लीपायीं झाली. विंडोज ११ च्या नव्या यंत्रांत मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केला कीं हें कुलूप पुष्कळदां आपोआप लागतें, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. किल्लीची नक्कल त्या खात्यांत ठेवलेली असते. यंत्र धड असतांनाच खातें उघडून ती पाहून घ्यावी.

दिवाळीला आमच्या गृहस्थांनीं नवा लॅपटॉप घेतला, त्याला कुलूप लागलेलेंच होतें. आम्ही दोघांनीं बसून ती किल्ली शोधली. त्यांनीं ते ४८ अंक, सहा-सहांचे आठ गट पाडून, आपल्या वळणदार अक्षरांत एका कागदावर लिहिले, मला दोनदां वाचून दाखविले, आणि तो कागद विम्याच्या कागदपत्रांबरोबर ठेवून दिला. कुलवृत्तांताची एक प्रत आतां बडोद्याच्या पुतण्याकडेही असते.